चाइल्ड सीट बसवताना मागच्या हेडरेस्टचं काय करायचं? जाणून घ्या सोप्या भाषेत

सावंगी (मेघे), ता. वर्धा : येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयात खेड्यापाड्यातून लहान लेकरांना घेऊन लोक येतात. घरची असो की भाड्याची, चारचाकीत लेकरू बहुतेक वेळा आईच्या नाहीतर आजीच्या मांडीवरच असते. पण धडक बसली की मांडीवरचे लेकरू कितीही घट्ट धरले तरी हातातून सुटते. समृद्धी महामार्गावर तर कारला ताशी 120 किमीपर्यंत वेगाची परवानगी आहे. म्हणून चाइल्ड सीट लागते, आणि ती नीट बसलेली असावी लागते.

कायदा काय म्हणतो?
मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये कलम 194 ब आले. 14 वर्षांखालील मुलाला सीटबेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेल्यास 1000 रुपये दंड आहे.

हेडरेस्ट आडवे कसे येते?
तोंड पुढे करून बसवायच्या सीटची पाठ उंच असते. गाडीचे हेडरेस्ट पुढे झुकलेले असले की ते या पाठीला ढकलते. मग सीट आणि गाडीच्या सीटमध्ये फट राहते. वरून बेल्ट घट्ट दिसतो, पण धडकेत सीट जास्त हलते.

असे करा
1. आधी गाडीचे आणि चाइल्ड सीटचे, दोन्ही माहितीपुस्तके पाहा. दोघांची सूचना सारखी नसेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा.
2. हेडरेस्ट पूर्ण वर उचलून सीट ठेवून पाहा. पाठ नीट टेकली तर काढायची गरज नाही.
3. तरी फट राहिली आणि पुस्तकात परवानगी असली, तर दांडीच्या बुडाशी असलेला खटका दाबून हेडरेस्ट वर ओढून काढा. काही गाड्यांत दोन्ही दांड्यांचे खटके सोबत दाबावे लागतात. छत आड येत असेल तर सीटची पाठ थोडी पुढे वाकवा.
4. सीटला वरचा पट्टा असेल तर तो हेडरेस्टच्या दोन दांड्यांमधून घ्यायचा की वरून, हे पुस्तकात दिलेले असते. तो सामानाच्या हुकला नाही, त्याच्यासाठीच असलेल्या हुकला अडकवा.
5. जिथून बेल्ट जातो तिथे सीट धरून हलवा. एक इंचापेक्षा जास्त हलली तर पुन्हा आवळा.

हेडरेस्ट निघतच नसेल तर?
काही गाड्यांत ते सीटलाच जोडलेले असते. ओढाताण करू नका. मागची दुसरी जागा पाहा किंवा त्या गाडीत बसणारी सीट घ्या. विकत घेण्याआधी दुकानदाराला आपल्याच गाडीत बसवून दाखवायला सांगा.

इथे काढू नका
पाठ नसलेल्या बूस्टरवर मोठे मूल बसते, तेव्हा त्याच्या डोक्याला आधार गाडीच्या हेडरेस्टचाच असतो. तिथे ते लावलेलेच ठेवा. मुलाचे कान हेडरेस्टच्या वरच्या कडेपेक्षा उंच नकोत.

तोंड मागे असलेली तान्ह्या बाळाची सीट पुढे, एअरबॅग चालू असलेल्या जागेवर कधीच ठेवू नका.

काढलेले हेडरेस्ट मागच्या काचेजवळ किंवा पायाशी मोकळे टाकू नका, धडकेत ते उडून लागते. डिक्कीत नीट दाबून ठेवा. चाइल्ड सीट काढून तिथे आजी-आजोबा बसणार असतील तर हेडरेस्ट आठवणीने परत लावा. मागून धडक बसली तर त्यांची मान त्यानेच वाचते.