आरशातली बाई : व्हिव्हियन मायरची रस्त्यावरची आत्मचित्रे

१/ १९५५ सालचे एक कृष्णधवल छायाचित्र. रस्त्यावर एक कामगार भलामोठा आरसा उचलत आहे आणि त्या आरशात एक स्त्री दिसते. छातीशी कॅमेरा, ओठांवर पुसट हसू. चित्राचा विषय तीच आणि छायाचित्रकारही तीच : व्हिव्हियन मायर. आजचा धागा तिच्याविषयी.

२/ मायरचा जन्म १ फेब्रुवारी १९२६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. बालपणाचा काही काळ फ्रान्समध्ये गेला. १९५६ मध्ये ती शिकागोकडे आली. सुमारे चाळीस वर्षे तिने लोकांची मुले सांभाळून उदरनिर्वाह केला. मुलांना फिरायला नेतानाही कॅमेरा तिच्या गळ्यात असे.

३/ तो कॅमेरा बहुतेकदा रोलीफ्लेक्स असे. हा कॅमेरा डोळ्याला लावत नाहीत. छातीशी किंवा पोटाशी धरून वरून काचेत पाहतात. त्यामुळे आरशासमोर उभे राहिले तरी चेहरा झाकला जात नाही. एका रिळावर अवघी १२ चौरस चित्रे मावत. प्रत्येक चित्र विचारपूर्वकच काढावे लागे.

४/ दुकानाची दर्शनी काच, मोटारीचा आरसा, जे हाताशी येईल त्यात तिने स्वतःला टिपले. दुकानाच्या काचेत तर आतला माल, पाठीमागची रहदारी आणि मधोमध ती, असे तीन थर एकाच चौकटीत येत. कधी केवळ टोपी घातलेली लांबट सावली जमिनीवर पडलेली असे.

५/ यांतले फारच थोडे तिने कुणाला दाखवले. शेकडो रिळे तर धुतलीही नव्हती. २००७ मध्ये भाडे थकल्यामुळे शिकागोच्या गोदामातले तिचे सामान लिलावात निघाले. जॉन मालूफ हा तरुण तेव्हा आपल्या परिसराच्या इतिहासावरील पुस्तकासाठी जुनी छायाचित्रे शोधत होता. त्याने निगेटिव्हची एक पेटी घेतली. पुढे लाखाहून अधिक निगेटिव्ह उजेडात आल्या. मायर मात्र २१ एप्रिल २००९ रोजी वारली. आपले नाव जगभर गेलेले तिने पाहिले नाही.

६/ तेव्हापासून ‘गूढ’ आणि ‘एकाकी’ ही विशेषणे तिला चिकटली आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थबकावे. साधन काय सांगते आणि आपण त्यावर काय लादतो, हे वेगळे करावे. आरशातली ती बाई दुःखी होती असे चित्र सांगत नाही. त्या दिवशी, त्या रस्त्यावर ती होती आणि तिने स्वतःकडे रोखून पाहिले, एवढेच ते सांगते.

७/ हे ‘एवढेच’ थोडे नाही. घरकाम करणाऱ्या स्त्रिया दप्तरांत सापडतात त्या बहुधा दुसऱ्यांच्या नोंदींतून : पगाराच्या हिशेबात, जनगणनेच्या एखाद्या ओळीत. मायरने आपली नोंद स्वतःच्या हाताने केली.

८/ मग तिने न दाखवलेले आपण पाहावे का? २०१४ पासून तिच्या चित्रांच्या स्वामित्वहक्काचा प्रश्न न्यायालयापुढे गेला. न्यायालय वारस शोधू शकते. मृत व्यक्तीची संमती कोठून आणणार? मी ही चित्रे पाहतो, अभ्यासतोही. मात्र तिच्या मनातले सांगण्याचा अधिकार त्यामुळे मला मिळत नाही, ही जाणीव प्रत्येक वेळी सोबत ठेवतो. दुसऱ्याची पेटी उघडणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाने ती ठेवावी.