शाहूपुरीतल्या बोटी

शाहूपुरीत मोटारबोट चालते म्हटलं की पुण्यातले मित्र हसतात. पण ऑगस्ट 2019 मध्ये कुंभार गल्लीत खरंच बोटी फिरत होत्या, बरं का!

1891 मध्ये कोल्हापूरला रेल्वे आली आणि 1895 मध्ये शाहू महाराजांनी ही व्यापारपेठ वसवली. गूळ बाहेर पाठवायला जागा एकदम सोयीची. फक्त शेजारून जयंती नाला जातो. पंचगंगा चढली की नाल्याचं पाणी नदीत जात नाही, उलटं वस्तीत शिरतं. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट. 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं.

एनडीआरएफच्या बोटी रबरी. हवेचे कप्पे वेगवेगळे, त्यामुळे एक फुटला तरी बोट तरंगते. गल्लीत ती हळू न्यावी लागते, कारण लाटा भिंतींवर आपटून परत येतात आणि पंख्यात वायर नाहीतर फांदी अडकते. नदीकडे मोकळ्यावर वारा सुटला की प्रकरण वेगळं. लाट कुशीवर घेतली तर बोट कलंडते, वेगात समोरून घेतली तर नाक आपटून पाणी आत! म्हणून वेग कमी, नाक लाटेकडे जरा तिरकं आणि माणसं खाली बसलेली.

भार जास्त झाला की मात्र हे सगळं कौशल्य फुकट. काठ पाण्याला टेकतो, बोट वळत नाही. त्याच महापुरात, 8 ऑगस्टला, सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला खचाखच भरलेली बोट उलटली आणि अनेक जण बुडाले.

2021 मध्येही पूर आलाच. पुन्हा बोट दारात आली, तर "आणखी दोघं बसतील की" म्हणू नका. दुसऱ्या फेरीची वाट बघा.