मदेरेचे मद्य आणि माडाचा शिरका

विंदालू या नावाविषयी दोन समज रूढ आहेत. पहिला असा की, त्यातील 'आलू' म्हणजे बटाटा. या समजुतीपायी कित्येक खानावळींच्या रश्श्यात खरोखरच बटाटे पडू लागले आहेत. दुसरा समज अधिक शिकलेल्यांचा. मूळ पोर्तुगीज 'व्हिन्या द'आल्युश' या शब्दांत द्राक्षमद्य आणि लसूण हे दोन अर्थ आहेत, हे त्यांना ठाऊक असते. त्यावरून ते असे अनुमान काढतात की, हे मांस मुळात उंची मद्यात शिजत असे आणि गोवेकरांनी ते न परवडल्यामुळे शिरक्यावर भागविले. पहिल्या समजाचा परामर्श घेण्याचे कारण नाही. दुसऱ्याचा घेतला पाहिजे. कारण त्यात गोमंतकीय पाककलेस एक नाइलाजाची तडजोड ठरविले जाते.

मद्य आणि मांस यांचा युरोपीय स्वयंपाकघरातील संबंध दुहेरी आहे. साध्या द्राक्षमद्यात वा त्याच्या शिरक्यात लसणीसह मांस मुरत ठेवणे ही एक रीत. तिचा मूळ हेतू मांस टिकविणे हा होय. मद्यार्काची जोड दिलेल्या मदेरा, शेरी, मार्साला यांसारख्या मद्याचा अंश रशास देणे ही दुसरी. तिचा हेतू सुगंध. पहिली रीत जुनी आहे. दुसरी बऱ्याच अंशी समुद्राने घडविली.

मदेरेचेच उदाहरण घेऊ. आफ्रिकेच्या वायव्येस अटलांटिक महासागरात असलेल्या या बेटावर १४२०च्या सुमारास पोर्तुगीजांची वसाहत झाली आणि द्राक्षवेलीही लवकरच आल्या. पूर्वेकडे व अमेरिकेकडे जाणारी गलबते येथे पाणी आणि पिंपे भरून घेत. उष्ण कटिबंधातून जाताना साधे मद्य आंबे. म्हणून त्यात थोडी ब्रँडी घालण्याची चाल पडली आणि अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती सार्वत्रिक झाली. पण खरे नवल पुढेच आहे. गलबताच्या तळाशी महिनोन् महिने उकडून परतलेली पिंपे उघडली, तेव्हा मद्य बिघडण्याऐवजी सुधारलेले आढळले. अशा फेरी करून आलेल्या मद्यास 'व्हिन्यु द रॉदा' हे नाव पडले आणि त्यास अधिक दाम मिळू लागले. पुढे प्रवासाचा खर्च वाचविण्यासाठी तीच उष्णता बेटावरच देण्यात येऊ लागली. आजही मदेरेचे बरेचसे मद्य निदान ३ महिने ४५ ते ५० अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात. उत्तम प्रतीचे पिंपांतून माळ्यावर वर्षानुवर्षे ऊन खाते.

स्वयंपाक्याच्या दृष्टीने या तापण्यास फार महत्त्व आहे. साध्या मद्याची बाटली उघडली की काही दिवसांत हवेने उतरते. मदेरेचे मद्य आधीच तापलेले आणि हवा खाल्लेले; त्याचे आणखी काय बिघडणार? चुलीजवळच्या फळीवर एक बाटली ठेवावी आणि मनास येईल तेव्हा दोन चमचे घ्यावेत, अशी सोय या मद्याने करून दिली. शेरीची, त्यातही गडद ओलोरोसोची, गोष्ट बरीचशी अशीच. अंदालुसियात शेरीतील गुर्द्यांचा पदार्थ प्रसिद्ध आहे. सिसिलीत जॉन वुडहाउस या इंग्रज व्यापाऱ्याने १७७३मध्ये मार्सालाचा धंदा उभारला, तो मदेरा व शेरी यांस स्वस्त पर्याय म्हणून. वासराच्या पातळ कापांबरोबर तव्यावर आटविलेली मार्साला आज इटलीबाहेरही परिचित आहे. फ्रेंचांची रीत याच्या उलट. एस्कोफिए याच्या १९०३च्या ग्रंथात मदेरा-रस सांगितला आहे, त्यात तपकिरी रस आटवून आचेवरून उतरविल्यावर मग मद्य घालावयाचे आणि पुन्हा उकळू द्यावयाचे नाही. आमच्या मते हीच सूचना मर्माची आहे. मद्यार्क ७८ अंशांवर उकळतो आणि उडताना बरोबर बराच सुगंध घेऊन जातो.

हे मद्य हिंदुस्थानात आले नाही असे नाही. ईस्ट इंडिया कंपनीची गलबते मदेरेस थांबत आणि कलकत्ता, मद्रास, मुंबई येथील गोऱ्यांच्या मेजावर ते मुबलक असे. परंतु ते मेजावरून देशी चुलीपर्यंत क्वचितच पोहोचले.

गोव्याची कथा याहून जुनी आहे. अल्बुकर्कने १५१०मध्ये गोवा घेतले, तेव्हा ब्रँडीची जोड देण्याची ही चाल पडावयाची होती. यान ह्युघेन व्हान लिन्शोतेन हा डच गृहस्थ १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात होता. १५९६च्या त्याच्या प्रवासग्रंथात माडाच्या सुरेचे वर्णन आहे: ती उन्हात ठेवली की तिचा शिरका होतो आणि ऊर्ध्वपातन केले की उराक. उराकेत मनुका घालून गोडसर मद्य करण्याची येथील रीतही तो नोंदवितो. म्हणजे मद्यार्क आणि द्राक्षे यांचा संयोग गोव्याने आपल्या परीने साधला होता! तथापि मांसासाठी उपयोगी पडला तो शिरकाच.

यात तडजोड कोठे आहे? खुद्द मदेरा बेटावर नाताळात हे लसूण-मांस आजही करतात, आणि तेथेही मांस मुरते ते प्रायः साध्या मद्यात व शिरक्यात. बेटाचे कीर्तिमान मद्य त्यास लागतेच असे नाही. मूळ कृतीचा प्राण आंबटपणा हाच होता, आणि तो माडाने विपुल दिला. मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांनी आणली. जिरे, लवंग, दालचिनी आपल्याकडील बाजारातील. हा मसाला शिरक्यातच वाटावयाचा, पाण्याचा थेंब लावावयाचा नाही, ही गोमंतकीय गृहिणीची दक्षता टिकविण्याच्या त्या जुन्या हेतूशी इमान राखणारी आहे. म्हणूनच विंदालू दुसऱ्या दिवशी अधिक चांगले लागते. यास पोर्तुगीज पदार्थ म्हणून मिरविणे जितके अपुरे, तितकेच त्यातील पोर्तुगीज अंश नाकारणेही.

आता मात्र खरीखुरी तडजोड होऊ लागली आहे, आणि तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष नाही. माडावर चढणारे रेंदेर कमी झाले आणि बाटलीतला कृत्रिम शिरका स्वयंपाकघरात आला. सुरेच्या शिरक्यात आंबटाबरोबर एक मंद गोडी असते. कृत्रिम शिरक्यात नुसती तीक्ष्ण आम्लता. ती झाकण्यासाठी मग रश्श्यात चिमूटभर साखर पडते.