तळ्यावरची साय : स्पिरुलिनाचा इतिहास आणि घरातली टाकी

अन्नाच्या इतिहासावरच्या या मालिकेत आज आपण एका अगदी लहान जीवाकडे वळणार आहोत. त्याचं नाव स्पिरुलिना. औषधाच्या दुकानात हिरव्या गोळ्यांच्या बाटलीवर हे नाव आपण वाचलेलं असतं. अलीकडे काही मंडळी गच्चीवर, टबात किंवा काचेच्या टाकीत ती वाढवतातही. ‘घरी स्पिरुलिना करता येते का?’ असा प्रश्न आम्हाला श्रोत्यांकडून पुष्कळदा येतो. उत्तर सोपं आहे : येते. पण ‘करता येणे’ म्हणजे काय, हा प्रश्न मात्र सोपा नाही. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आधी ओळख करून घेऊ. स्पिरुलिनाला आपण सवयीने शेवाळ म्हणतो, पण जीवशास्त्राच्या दृष्टीने ती सायनोबॅक्टेरिया, म्हणजे नील-हरित जीवाणूंपैकी आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पेनातल्या स्प्रिंगसारखी वळलेली हिरवी दोरी दिसते. आपण खातो त्या प्रकाराला शास्त्रज्ञ बराच काळ ‘आर्थ्रोस्पिरा’ म्हणत आले. बाजाराने जुनं नाव सोडलं नाही. हिचा एक स्वभाव लक्षात ठेवा. हिला कोमट, उन्हातलं आणि खारं-सोडायुक्त पाणी आवडतं. ज्या पाण्यात बाकीच्यांचं जगणं अवघड, तिथे ही सुखाने वाढते. तिचा पुढचा सगळा इतिहास या स्वभावातून निघाला आहे.

आता मेक्सिकोत जाऊ. १५१९ साली कोर्तेसची स्पॅनिश फौज अ‍ॅझटेकांच्या तेनोचतित्लान या राजधानीत शिरली. हे शहर टेक्सकोको सरोवराच्या मधोमध वसलेलं होतं. त्या फौजेतला एक शिपाई, बेर्नाल दिआस, याने म्हातारपणी आठवणी लिहिल्या. त्यात त्लातेलोल्कोच्या प्रचंड बाजाराचं वर्णन करताना तो एका विचित्र मालाची नोंद करतो : तळ्यावर येणाऱ्या चिकट थरापासून केलेल्या छोट्या वड्या, चवीला चीजसारख्या. १५५२ मध्ये लोपेस दे गोमाराने लिहिलं, की लोक बारीक जाळ्यांनी पाण्यावरची ही साय गोळा करतात, वाळवतात आणि तिच्या वड्या दूरदूर विकायला जातात. गोमारा स्वतः मेक्सिकोत कधी गेला नव्हता. ऐकलेलं लिहीत होता. मोतोलिनिया आणि साआगुन या धर्मगुरूंनीही या पदार्थाची दखल घेतली. स्थानिक नाहुआत्ल भाषेत त्याचं नाव होतं तेकुइत्लात्ल. शब्दशः अर्थ, दगडाची विष्ठा. नाव काही भूक वाढवणारं नाही, पण लोक आवडीने खात होते.

या नोंदी करणारे कोण आहेत बघा : शिपाई, इतिहासकार, धर्मगुरू. काय खातात हे त्यांनी लिहिलं. पण साय कोणत्या दिवशी काढायची, किती जाड झाली की काढायची, कोणती टाकून द्यायची, हे ज्यांना माहीत होतं त्यांचं एकही नाव या पानांत नाही. पुढे काय झालं? शहर पडलं, रोगराईने माणसं मेली, आणि पूर टाळण्यासाठी १६०७ पासून स्पॅनिश राजवटीने सरोवरांचं पाणी बाहेर काढायचं काम हाती घेतलं. ते पुढे शतकानुशतकं चाललं. तळं आटत गेलं आणि सोळाव्या शतकानंतर तेकुइत्लात्लचा उल्लेखही विरळ होत गेला. पुस्तकं शाबूत होती. ती वाचून कुणाला वडी करता आली असती का? आम्हाला नाही वाटत.

आमचा विषय तत्त्वज्ञान, म्हणून इथे एक क्षण थांबतो. गिल्बर्ट राइल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९४९ च्या आपल्या ग्रंथात ज्ञानाचे दोन प्रकार वेगळे केले. एक, अमुक गोष्ट अशी आहे हे माहीत असणं. दुसरा, अमुक गोष्ट कशी करायची ते येणं. आपल्या मराठीत हा भेद आयताच आहे. पाण्याबद्दल ‘माहीत असतं’, पोहायला ‘येतं’. पहिलं ज्ञान पुस्तकात मावतं. दुसरं हातात राहतं, आणि हात थांबले की संपतं. मेक्सिकोत हे दुसरं ज्ञान संपलं.

पण त्याच जीवाची दुसरी गोष्ट आफ्रिकेत चालूच होती. चाड सरोवराच्या ईशान्येला कानेम नावाचा प्रदेश आहे. तिथे वाळूच्या टेकड्यांमधल्या खोलगट जागी छोटी तळी साचतात. पाण्यात नेट्रॉन असतो. आपल्या पापडखाराच्या जातीचा क्षार समजा. या तळ्यांवर निळसर हिरवी साय धरते. कानेम्बू समाजातल्या बायका ती गोळा करतात. हे काम बायकांचंच. भांड्याने साय उपसायची, काठावरच्या वाळूत केलेल्या उथळ गोल खळग्यात ओतायची. पाणी वाळूत जिरतं, वर थर उरतो. तो हाताने सारखा करून, अर्धवट वाळला की चौकोनी तुकडे पाडायचे आणि पुरते वाळवायचे. आपल्याकडे पापड-सांडगे उन्हात घालतात, तशातलाच हा प्रकार. या वड्यांना म्हणतात दिहे. त्या कुटून आमटीसारखा रस्सा करतात आणि बाजरीच्या घट्ट उकडीबरोबर खातात.

युरोपच्या विज्ञानाला हे कळलं तेही दोन हप्त्यांत. फ्रेंच वसाहतीच्या फौजेतल्या एका औषधनिर्मात्याने बाजारातल्या वडीचा नमुना पाठवला, आणि १९४० मध्ये दांझार या वनस्पतिशास्त्रज्ञाने तो जवळजवळ शुद्ध स्पिरुलिना असल्याचं लिहिलं. महायुद्धाचे दिवस होते. कुणी लक्ष दिलं नाही. मग १९६४-६५ मध्ये सहारा ओलांडणाऱ्या बेल्जियन मोहिमेतला झां लेओनार फोर्ट-लामीच्या, म्हणजे आजच्या एन्जामेनाच्या, बाजारात पोचला आणि त्याला त्याच निळसर हिरव्या वड्या दिसल्या. तपासणी झाली. वाळलेल्या पदार्थात निम्म्याहून अधिक प्रथिनं! त्या काळी जगाची प्रथिनं कशी पुरणार याची चिंता होती, त्यामुळे या वेळी मात्र सगळ्यांचे कान टवकारले.

याला ‘शोध’ म्हणतात. शब्द अगदीच चुकीचा नाही. प्रथिनं किती, हे कानेमच्या बाईने मोजलं नव्हतं. ते विज्ञानाने मोजलं आणि ते मोठं काम आहे. पण ती वस्तू बाजारात विकायला होती. जी गोष्ट पैसे देऊन विकत घेता येते, ती हरवलेली कशी? एवढंच म्हणू, की ती आमच्या कागदांतून हरवली होती.

मौज म्हणजे, साधारण त्याच काळात टेक्सकोकोच्या उरल्यासुरल्या खाऱ्या पाण्यातून सोडा काढणाऱ्या सोसा टेक्सकोको कंपनीच्या बाष्पीभवनाच्या तलावात हिरवा थर माजला. आधी ती कटकटच वाटली. मग फ्रेंच पेट्रोलियम संस्थेतल्या संशोधकांच्या मदतीने सत्तरच्या दशकात तिथेच स्पिरुलिनाचं व्यापारी उत्पादन सुरू झालं. अ‍ॅझटेकांची वडी चारशे वर्षांनी त्याच पाण्यातून परत आली, पण कारखान्यातून. नव्वदच्या दशकात तोही बंद पडला. कानेमच्या बायकांचं काम मात्र चालू राहिलं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार एकट्या कोसोरोम तळ्यातून वर्षाला सुमारे ४० टन दिहे निघत होतं.

आता आपल्या घराजवळ या. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर. उल्केच्या आघाताने बसाल्टमध्ये झालेलं विवर आणि त्यातलं सोडायुक्त पाणी. या पाण्यात स्पिरुलिना आहे, हे शास्त्रज्ञांनी नोंदवलेलं आहे. म्हणजे जीव तोच, पाणीही त्याच स्वभावाचं. तरी लोणारची कीर्ती झाली ती तिथल्या क्षारांमुळे आणि देवळांमुळे, वडीमुळे नाही. यातून आम्ही एक गोष्ट शिकतो. निसर्ग अन्न देत नाही, पदार्थ देतो. त्याचं अन्न माणसांची रीत करते. आणि हो, हे ऐकून कुणी लोणारला बादली घेऊन जाऊ नका. ते अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर यादीतलं पाणथळ क्षेत्र आहे, आणि उघड्या तळ्यातली हिरवाई ओळखू आल्याशिवाय तोंडात घालायची नसते.

भारतात ही रीत नव्याने घडवायचा प्रयत्न झाला. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत सत्तरच्या दशकापासून शैवालांच्या लागवडीवर काम झालं. चेन्नईच्या मुरुगप्पा चेट्टियार संशोधन केंद्रात सी. व्ही. शेषाद्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात हे तंत्र तामिळनाडूच्या खेड्यांतल्या बायकांना छोट्या टाक्यांत जमेल असं केलं. आमच्या मते हे फार महत्त्वाचं पाऊल होतं, कारण ‘माहीत असणं’ पुन्हा ‘येणं’ व्हायला लागलं.

मग घरच्या टाकीत काय करायचं? थोडक्यात सांगतो. आपल्याला छोटं कानेम तयार करायचं आहे. १९६६ साली झारूक या संशोधकाने पॅरिसमध्ये जो द्रावणाचा पाठ बसवला, त्यात लिटरमागे १६.८ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे आपला खायचा सोडा, आहे. घरगुती पाठांत तो याच्या निम्म्यापर्यंतही असतो. जोडीला मीठ, नत्रासाठी नायट्रेट, थोडं फॉस्फेट, मॅग्नेशियम, किंचित लोह. ही रसायनं अन्नाच्या प्रतीची हवीत, खताच्या पोत्यातली नकोत. विरजण लागतं तसं जिवंत बियाणं खात्रीच्या ठिकाणाहून आणायचं. पाणी साधारण वीतभर खोल, तापमान ३० ते ३५ अंश, सामू ९.५ ते १०.५. सुरुवातीला सावली द्यायची, कारण विरळ असताना कडक ऊन तिला सोसत नाही. दिवसातून अनेकदा हलक्या हाताने ढवळायचं.

काढणी कधी? काठीला पांढरी चकती लावून पाण्यात बुडवायची. दोन-तीन सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली की तयार. सकाळी काढावी, निम्मी टाकीत ठेवावी. दाट विणीच्या कापडातून गाळायची आणि खालचं पाणी टाकीत परत. वरचा गोळा श्रीखंडाच्या चक्क्यासारखा दाबून निथळवायचा. ताजी दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये राहते. नाही तर सोऱ्यातून शेवया पाडून ६० अंशांच्या आत वाळवायची.

आता दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. पहिली, हिशोबाची. एका चौरस मीटरमधून चांगल्या दिवसांत रोज पाच-सात ग्रॅम वाळलेली स्पिरुलिना मिळते. पाच ग्रॅममध्ये प्रथिनं सुमारे तीन ग्रॅम. मूठभर शेंगदाण्यांत याच्या दुप्पट असतात. लोह आणि बीटा-कॅरोटीनसाठी ती उपयोगी आहे; वरणाची जागा ती घेत नाही. आणि शाकाहारी मंडळींनी ऐकावं : तिच्यातलं बी-१२ बहुतांशी नकली स्वरूपाचं आहे, शरीराला लागू पडत नाही. त्यासाठी तिच्यावर विसंबू नका.

दुसरी, सुरक्षिततेची. सोडा कमी पडला, सामू उतरला, की दुसरे जीव टाकीत शिरतात, आणि त्यांपैकी काहींची विषं यकृताला घातक असतात. टाकीला कुजका वास आला तर सगळं ओतून द्यायचं. पण त्या विषांना वास नसतोही. म्हणून अधूनमधून नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. गरोदर स्त्रिया, लहान मुलं आणि आजारी माणसांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

कानेममध्ये ही सगळी जबाबदारी वाटलेली असते. थोडी त्या उग्र पाण्यावर, थोडी उन्हावर, थोडी शेजारी बसलेल्या जाणत्या बाईवर. टाकी घरात आणली की तळं, ऊन आणि जाणती बाई, तिन्ही कामं आपल्याकडे येतात. हाताला सवय हवी आणि प्रयोगशाळेचा कागदही हवा. एकाने दुसऱ्याचं काम भागत नाही. मेक्सिकोत कागद राहिला आणि हात गेला. कानेममध्ये हात राहिला, कागद उशिरा आला. तिथे २००७ नंतर युरोपीय संघाच्या मदतीने झालेल्या प्रकल्पात गाळण्या-वाळवण्याच्या स्वच्छ पद्धती आल्या, पण तळ्यावरचं काम बायकांचंच राहिलं. आपण घरी टाकी लावणार असू, तर कित्ता तिथला गिरवावा.

आज इथेच थांबू. पुढच्या वेळी आपण आंबवण्याचा इतिहास घेऊ. प्रश्न असतील तर जरूर पाठवा.