चाक थांबते कुठे? जीप, शॉकअप आणि एका रबरी ठोकळ्याचा इतिहास

१/ जानेवारी १७३९. चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेत आमच्या शिरगावचा किल्ला पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आला. त्या काळच्या तोफगाड्यांना कमानी नव्हत्या. वाटेतला प्रत्येक दगड थेट आसाला आणि लाकडी सांगाड्याला जाणवे. आजचा धागा त्या धक्क्याविषयी आणि त्याला आवरण्याच्या प्रयत्नांविषयी आहे.

२/ निमित्त घरचेच. गेल्या हिवाळ्यात जव्हारजवळचे शिरपामाळ पाहण्यासाठी मामांच्या जुन्या जीपमधून निघालो. सुरतेच्या स्वारीला जाताना शिवाजी महाराजांनी तेथे मुक्काम केला, अशी परंपरा आहे. विक्रमगड मागे पडले आणि एका खड्ड्यात मागून ठण्णकन आवाज आला. शॉकअपचा वरचा ब्रॅकेट चौकटीपासून उखडला होता. ब्रेकची नळी तेथून जेमतेम चार बोटांवर. गाडीत आम्ही सहाजण होतो, त्यांत आजी.

३/ गंमत अशी की शॉकअप नवे होते, महाग होते, पहिल्यापेक्षा लांबही होते. मामांनी नुकतीच गाडी दोन इंच उचलून घेतली होती. मग जुन्याने वर्षानुवर्षे सोसले ते नव्याला का सोसवले नाही? उत्तरासाठी थोडे मागे जावे लागते.

४/ १८०४ साली लंडनच्या ओबाडिया इलियटने घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार कमान आणली : पोलादी पट्ट्या एकावर एक. आपले मेकॅनिक ज्यांना ‘पाटे’ म्हणतात, ते याच कुळातले. धक्का सौम्य झाला, पण नवा प्रश्न उभा राहिला. कमान दबते, उसळते, पुन्हा दबते. पाट्यांचे एकमेकांवरील घर्षण हे झुलणे थोडे कमी करी. मोटारीच्या वेगापुढे ते अपुरे पडले.

५/ विसाव्या शतकाच्या आरंभी ट्रुफो-हार्टफर्ड पद्धतीचे घर्षणावर चालणारे शॉकअप आले. त्यानंतर तेलाचे आले. नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक छिद्रे. तेल छिद्रांतून ढकलताना झुलण्याची ऊर्जा उष्णतेत जाते. लक्षात घ्या : गाडीचे वजन कमान पेलते, शॉकअप फक्त हालचालीला लगाम घालतो.

६/ दुसऱ्या महायुद्धातील विलीस जीपमध्ये ही जोडी होती : पाटे आणि तेलाचे शॉकअप. १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रा कंपनी मुंबईत या जीपची जोडणी करू लागली. १९६१ साली मुलुंडला गॅब्रिएल इंडियाची स्थापना झाली आणि शॉकअप मुंबईतच बनू लागले. जव्हार-मोखाड्याच्या घाटवाटांवर माणसे, भाताची पोती आणि आजारी रुग्ण वाहणाऱ्या जीपगाड्या या परंपरेतल्या.

७/ या कथेतले तिसरे पात्र दुर्लक्षित राहिले : बंपस्टॉप. गॅरेजमध्ये त्याला नुसते ‘रबर’ म्हणतात. चौकटीखाली, आसाच्या वर बसवलेला हा ठोकळा. मोठ्या खड्ड्यात आस वर येतो तेव्हा त्याने या रबरावर टेकावे, एवढीच अपेक्षा. हालचालीची वरची सीमा तो ठरवतो, शॉकअप नव्हे.

८/ मामांच्या जीपमध्ये नेमके हेच उलटे झाले होते. घरी येऊन आम्ही मापे घेतली. गाडी सपाटीवर उभी असताना शॉकअपच्या दोन टोकांतले अंतर ४० सेंमी. नवा शॉकअप पूर्ण दबला की ३३ सेंमी. म्हणजे वर जायला ७ सेंमी जागा. आस ते रबर अंतर ५ सेंमी, आणि रबर स्वतः ३ सेंमी दबणारे. एकूण ८. शेवटच्या सेंटिमीटरला धक्का रबराऐवजी शॉकअपने घेतला, आणि ब्रॅकेट गेला.

९/ म्हणून निवडीचा क्रम असा. आधी बंपस्टॉप : तो पूर्ण दबल्यावर आस कुठे थांबतो ते मोजा. मग त्याहून एक-दीड सेंटिमीटर अधिक दबू शकणारा शॉकअप घ्या. मोजताना एक चाक वर, दुसरे खाली असे ठेवा, कारण आस तिरपा झाला की एका बाजूचा शॉकअप अधिक दबतो. खालची सीमाही पाहा : चाक लोंबकळताना शॉकअप किंवा ब्रेकची नळी ताणली जाता कामा नये.

१०/ कडक शॉकअप म्हणजे चांगला शॉकअप, हाही गैरसमजच. परतीची चाल फार जड असेल तर ओळीने आलेल्या खड्ड्यांत चाकाला खाली यायला वेळच मिळत नाही. गाडी दर खड्ड्यागणिक बसत जाते आणि अखेर रबरावर आदळते. लांब खडबडीत वाटेवर तेल तापून फेसाळते. त्यावर नायट्रोजनचा दाब असलेला एकनळी शॉकअप हा महायुद्धोत्तर काळातला उपाय. साध्या रबराऐवजी सच्छिद्र पॉलियुरेथेनचा ठोकळा घेतला, तर तो हळूहळू कडक होत जातो आणि धक्का एकदम बसत नाही.

११/ २०१०च्या थारमध्ये मागे पाटे होते. नाशिकला तयार होणाऱ्या २०२०च्या थारमध्ये मागे कॉइल स्प्रिंग आल्या. चाकांची हालचाल वाढली. पण जेवढी हालचाल अधिक, तेवढी तिची सीमा नेमकी आखावी लागते.

१२/ मामांनी लांब शॉकअप ठेवले. रबराखाली अडीच सेंटिमीटरचा पोलादी तुकडा जोडून घेतला. ७ सेंमी जागेपैकी आता ५.५ वापरात, दीड राखीव. खर्च शॉकअपच्या तुलनेत नगण्य. परवा आजीला घेऊन आम्ही शिरपामाळ पाहून आलो. तोच खड्डा लागला. या वेळी फक्त ‘धप्प’ असा आवाज झाला. आजीची झोपही मोडली नाही.