लिंकमागचा हिशेब

अ‍ॅफिलिएट मार्केटिंग म्हणजे इंटरनेटवरची दलाली. एखादी व्यक्ती आपल्या वेबसाइटवर दुकानाची लिंक देते, वाचक त्या लिंकवरून दुकानात शिरून खरेदी करतो आणि दुकान त्या व्यक्तीला, म्हणजे अ‍ॅफिलिएटला, ठरलेल्या टक्क्याने कमिशन देते. या धंद्यातली एक गोष्ट पहिल्या दिवसापासून तशीच आहे: गिऱ्हाईक पाठवणाऱ्याला विक्री दिसत नाही. माल खपला का, किती रुपयांचा खपला, परत तर आला नाही, हे सगळे दुकानदाराच्या वहीत असते. कोणता प्रोग्रॅम, म्हणजे कोणत्या दुकानाची कमिशन योजना, भरवशाची, हा प्रश्न गेली तीस वर्षे विचारला जातो. त्याच्या मुळाशी दर वेळी हीच वही असते.

सुरुवात फुलांच्या दुकानापासून झाली. अमेरिकेतील विल्यम टोबिन यांनी १९८९ मध्ये 'पीसी फ्लॉवर्स अँड गिफ्ट्स' हे दुकान 'प्रॉडिजी' या संगणकीय सेवेवर उघडले आणि विक्रीतला वाटा प्रॉडिजीला देण्याची बोली केली. नोव्हेंबर १९९४ मध्ये 'सीडीनाऊ' या संगीताच्या दुकानाने 'बायवेब' हा प्रोग्रॅम काढला. संगीताबद्दल लिहिणाऱ्या वेबसाइटने अल्बमची लिंक द्यायची आणि विक्री झाली की कमिशन घ्यायचे, अशी ती रीत. जुलै १९९६ मध्ये अ‍ॅमेझॉनने पुस्तकांसाठी 'असोसिएट्स' सुरू केले आणि ही रीत हजारो लहानसहान वेबसाइटपर्यंत पोहोचली. बागकामावर किंवा बुद्धिबळावर लिहिणाऱ्याला स्वतःचे दुकान न मांडता पुस्तक विकता येऊ लागले. या पद्धतीचे पेटंट अ‍ॅमेझॉनला फेब्रुवारी २००० मध्ये मिळाले.

मोजणी कशी होते हे एका खरेदीवरून समजते. भारतातील सदस्याच्या अ‍ॅमेझॉन लिंकमध्ये 'टॅग' या शब्दापुढे त्याची खूण असते आणि तिच्या शेवटी बहुधा २१ हा आकडा येतो. साताऱ्यातल्या वाचकाने सकाळी प्रेशर कुकरच्या अशा लिंकवर बोट ठेवले की त्याच्या ब्राउझरमध्ये 'कुकी' नावाची छोटी नोंद बसते. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत लू मोंटुली यांनी ही सोय केली, तेव्हा दलालीचा विचार कोणाच्या मनात नव्हता. वाचकाने त्याच संध्याकाळी कुकर घेतला तर कमिशन लिंक देणाऱ्याचे. मध्ये त्याने दुसऱ्या कोणाच्या लिंकवर बोट ठेवले असेल तर ते त्या दुसऱ्याचे, कारण बहुतेक प्रोग्रॅममध्ये शेवटच्या लिंकचा मान मोठा. अ‍ॅमेझॉनची मुदत २४ तासांची असल्याने तिसऱ्या दिवशी नव्याने शोधून केलेल्या खरेदीचे काहीच मिळत नाही. कुठे ही मुदत ३० दिवसांची असते, कुठे ९०. प्रोग्रॅमचा भाव ठरवताना टक्क्याइतकेच या दिवसांना महत्त्व आहे, आणि नवखा माणूस नेमका टक्काच पाहतो.

वही दुकानदाराकडेच राहू नये, या गरजेतून मध्यस्थ कंपन्या, म्हणजे 'नेटवर्क', उभ्या राहिल्या. १९९६ मध्ये स्टीफन आणि हायडी मेसर या भावाबहिणीने न्यूयॉर्कमध्ये 'लिंकशेअर' काढली. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात 'कमिशन जंक्शन' आली. या कंपन्या अनेक दुकानांची मोजणी स्वतः करीत, कमिशन गोळा करून वाटत आणि प्रत्येक दुकानाचे नियम एका ठिकाणी मांडत. सदस्याला प्रथमच दोन दुकानांची तुलना करता आली. मराठी मुलखाला हा तिढा नवा नाही. वऱ्हाडातील कापूस बाजारांसाठी १८९७ मध्ये कायदा झाला, त्यात दलाल आणि तोलाऱ्यांना परवाने घ्यावे लागले. तिथे शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर निदान काटा तरी होता; अ‍ॅफिलिएटला तोही दिसत नाही, म्हणून तिऱ्हाइताची गरज इथे अधिक.

पण तिऱ्हाइताच्या मोजणीलाही खिंडारे पडली. २००० नंतर लोकांच्या संगणकांत नकळत शिरणारी सॉफ्टवेअर पसरली. ती ऐन खरेदीच्या क्षणी आपली कुकी पुढे सरकवत आणि दुसऱ्याच्या मेहनतीचे कमिशन खात. डिसेंबर २००२ मध्ये कमिशन जंक्शन, बी फ्री आणि परफॉर्मिक्स या तीन नेटवर्कनी सदस्यांसाठी एकत्र आचारसंहिता जाहीर केली. त्याहून मोठे प्रकरण ईबे या ऑनलाइन बाजाराचे. वाचकाने कशावरही बोट ठेवले नसताना त्याच्या ब्राउझरमध्ये कुकी कोंबण्याचा उद्योग चालला होता, आणि तो करणारे दोघे ईबेचे सर्वाधिक कमाई करणारे अ‍ॅफिलिएट होते. ईबेने २००८ मध्ये दावा लावला, पुढे फौजदारी खटले झाले आणि २०१४ मध्ये दोघांनाही तुरुंगवासाची शिक्षा झाली. या काळात दुकानांनी सदस्यांची छाननी कडक केली. चांगला प्रोग्रॅम अर्जदाराला वेबसाइट दाखवायला लावतो, कधी नाकारतोही. अर्ज करताक्षणी सर्वांना आत घेणारा प्रोग्रॅम सोयीचा वाटतो, पण तिथे प्रामाणिक सदस्याचे कमिशन चोरट्यांच्या तोंडी राहते.

प्रामाणिक दुकानाचा प्रोग्रॅमही रातोरात बंद होऊ शकतो, हा धडा करांच्या वादाने दिला. न्यूयॉर्क राज्याने २००८ मध्ये कायदा केला की राज्यात अ‍ॅफिलिएट असलेल्या दुकानाने तिथला विक्रीकर वसूल करावा. ओव्हरस्टॉक या ऑनलाइन दुकानाने तिथल्या सदस्यांना निरोप दिला. पुढच्या तीन वर्षांत नॉर्थ कॅरोलायना, ऱ्होड आयलंड, कोलोरॅडो, इलिनॉय आणि कॅलिफोर्निया इथे विक्रीकराचे नवे कायदे आले तशी अ‍ॅमेझॉननेही आपल्या सदस्यांची खाती बंद केली. धक्के करांपुरते राहिले नाहीत. २०१३ मध्ये गूगलने आपले अ‍ॅफिलिएट नेटवर्क गुंडाळले. एप्रिल २०२० मध्ये, लोक घरात अडकून ऑनलाइन खरेदीकडे वळले असतानाच, अ‍ॅमेझॉनने अमेरिकेत फर्निचर आणि घरसामानावरचे कमिशन ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणले, किराण्याचे ५ वरून १ वर. करारात दर बदलण्याचा हक्क दुकानाने राखून ठेवलेला असतो. ही ओळ सहसा कोणी वाचत नाही, आणि एकाच दुकानावर घर चालवणाऱ्यांना तिची किंमत मोजावी लागली.

भारतात हा धंदा २०१३ नंतर फोफावला. त्या वर्षी जूनमध्ये अ‍ॅमेझॉन इथे आले. फ्लिपकार्टचाही प्रोग्रॅम होता आणि मोबाइलवर लिहिणाऱ्या, व्हिडिओ करणाऱ्या तरुणांना कमाईची वाट सापडली. मात्र त्याआधीपासून घरबसल्या कमाईच्या नावाखाली वेगळेच काही चालत होते. स्पीक एशिया ही कंपनी ११,००० रुपये भरून घेई आणि सर्वेक्षणाचे फॉर्म भरण्याचे पैसे देऊ करी. नवे सदस्य आणणाऱ्यालाही मोबदला होता. २०११ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने तिच्यावर गुन्हा नोंदवला. फरक इथे स्पष्ट दिसतो. खऱ्या दलालीत पैसा गिऱ्हाइकाच्या खरेदीतून येतो, खोट्यात तो पुढच्या सदस्याच्या खिशातून. असल्या साखळ्यांना १९७८ च्या प्राइझ चिट्स आणि मनी सर्क्युलेशन बंदी कायद्याने मज्जाव होताच. डिसेंबर २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांनी पिरॅमिड योजनांवर स्पष्ट बंदी घातली. तरीही महागडा 'कोर्स' विकत घ्या, मग तोच इतरांना विकून कमिशन मिळवा, असे सांगणाऱ्या योजना अ‍ॅफिलिएट हेच नाव लावून फिरतात. आत शिरण्यासाठीच पैसे लागत असतील तर पुढचे नियम वाचण्याचीही गरज उरत नाही. नावाजलेल्या दुकानांचे प्रोग्रॅम सदस्याकडून फी घेत नाहीत.

वाचकाशी प्रामाणिकपणाचा नियम उशिरा आला. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनच्या सुधारित मार्गदर्शिकेनुसार १ डिसेंबर २००९ पासून शिफारशीमागचा आर्थिक संबंध सांगणे आवश्यक झाले. भारतात अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्‌स कौन्सिलने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी नियम आणले. आपल्या करारातच ही अट घालणारे दुकान सदस्याला कायद्याच्या कचाट्यातूनही वाचवते.

मोजणीचा जुना तंटा मात्र मिटलेला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये कूपन शोधून देणाऱ्या 'हनी' या, पेपाल या पेमेंट कंपनीच्या, ब्राउझर एक्स्टेन्शनवर आरोप झाला की खरेदीच्या शेवटच्या टप्प्यावर ते दुसऱ्यांच्या कुकीच्या जागी स्वतःची बसवते. व्हिडिओ करणाऱ्या अनेकांनी अमेरिकेत दावे दाखल केले. पेपालने आरोप नाकारले. मार्च २०२५ मध्ये गूगलने क्रोमच्या एक्स्टेन्शनांसाठी नियम बदलला: वापरणाऱ्याला प्रत्यक्ष फायदा होत नसेल तर अ‍ॅफिलिएट लिंक किंवा कुकी घालता येणार नाही.