चॉकलेट, चिक
(१९१६–१९६७). मुंबईतील ख्यातनाम जॅझ ट्रंपेटवादक, वाद्यवृंदप्रमुख व चित्रपटसंगीतातील वाद्यसंयोजक. मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ. जन्म गोव्यातील बार्देश तालुक्यात हळदोणे येथे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन व वाद्यवादन शिकविले जाई. या शिक्षणाच्या बळावर अनेक गोमंतकीय वादक ब्रिटिश हिंदुस्थानातील हॉटेले व नृत्यगृहे यांतून उपजीविका करीत.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांमध्ये उदयास आलेले जॅझ संगीत १९३० नंतरच्या दशकात जगभर स्थानिक रूपे घेऊ लागले. पॅरिसमध्ये १९३४ मध्ये जँगो राइनहार्ट या जिप्सी गिटारवादकाच्या पंचकाने केवळ तंतुवाद्यांचा जॅझ रूढ केला. त्यात ढोल नसल्याने लयीचा भार साथीच्या गिटारींवर व लूई व्होला यांच्या डबल बासवर असे. मुंबईत ताजमहाल हॉटेलमध्ये लिऑन ॲबी (१९३५), क्रिकेट स्मिथ व टेडी वेदरफर्ड या अमेरिकन कलावंतांनी जॅझ लोकप्रिय केला आणि गोमंतकीय वादकांनी तो आत्मसात केला. लूई आर्मस्ट्राँगच्या शैलीचा प्रभाव असलेल्या चिक यांना ‘हिंदुस्थानचा लूई आर्मस्ट्राँग’ असे म्हटले जाई. त्यांचा स्वतंत्र वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलमध्ये वाजत असे.

मुंबई राज्यातील दारूबंदीमुळे (अधिनियम १९४९) रात्रीच्या करमणुकीची स्थळे ओस पडू लागली व वादकांना चित्रपटसृष्टीचा आधार अधिकच महत्त्वाचा ठरला. पुणतांब्याचे सी. रामचंद्र (रामचंद्र चितळकर) यांचे साहाय्यक म्हणून चिक यांनी काम केले. ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटात त्यांचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो. ‘नादान’ (१९५१) चित्रपटास त्यांनी स्वतंत्रपणे संगीत दिले. पुढे मदनमोहन यांचेही ते साहाय्यक होते.

हिंदुस्थानी परंपरेतील संगीतकार चाल गाऊन सांगत. ती पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवून ट्रंपेट, सॅक्सोफोन, व्हायोलिन, डबल बास अशा प्रत्येक वाद्याचा भाग लिहून काढणे हे संयोजकाचे काम. चिक यांच्याप्रमाणेच अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा व फ्रँक फर्नांड या गोमंतकीयांनी ते समर्थपणे केले. तथापि श्रेयनामावलीत या वर्गाचा उल्लेख बहुधा ‘साहाय्यक’ एवढाच होई, किंवा मुळीच नसे. साथीच्या वादकांची नावे तर क्वचितच नोंदली गेली. त्यामुळे त्या काळातील गाण्यांची चाल कोणाची हे माहीत असले, तरी त्यांतील वाद्यमेळाच्या कर्तृत्वाचा निश्चित हिशेब मांडणे आज अवघड झाले आहे. चिक चॉकलेट यांचे महत्त्व त्यांच्या ट्रंपेटवादनाइतकेच या अनामिक परंपरेचे एक ठळक प्रतिनिधी म्हणूनही आहे.